मस्टरवरचे नाव : गिरणगावापासून कागलच्या ‘फाइव्ह स्टार’पर्यंत

मस्टर म्हणजे कारखान्यातील हजेरीचे पुस्तक. डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, खाते, हुद्दा. पुढे महिन्याच्या तारखांचे चौकोन आणि शेवटी भरलेल्या दिवसांची बेरीज. चौकोन रिकामा राहिला की तो खाडा. आता पुस्तकाच्या जागी बोट किंवा चेहरा ओळखणारे यंत्र आले आहे. पण महिनाअखेरीस त्यातून निघणारा तक्ता जुन्याच आखणीचा असतो आणि त्याला अजून मस्टरच म्हणतात. पगार, ओव्हरटाइम, भरपगारी रजा, बोनस, फंड, ईएसआय, ग्रॅच्युइटी यांचा सगळा हिशेब या तक्त्यावरून होतो. महाराष्ट्रातील कामगार संघटनांचा आणि कामगार कायद्याचा इतिहास बऱ्याच अंशी याच तक्त्यावरून झालेल्या भांडणाचा आहे. त्यावर नाव कोणाचे असावे, ते मस्टर कोणाच्या नावाने ठेवले जावे, आणि त्यावरची डोकी मोजून कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाला द्यावा, हे त्या भांडणातले तीन प्रश्न.

कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत हे तिन्ही प्रश्न एकाच गेटवर भेटतात. आसपासच्या गावांत या वसाहतीला ‘फाइव्ह स्टार’ एवढेच नाव आहे. कोल्हापूरचा लोखंडी ओतकामाचा आणि यंत्रभागांचा धंदा उद्यमनगरात वाढला, तिथून शिरोली आणि गोकुळ शिरगावला गेला, आणि तिथे जागा अपुरी पडल्यावर इकडे सरकला; त्याच्या जोडीला कापडाचे मोठे कारखाने आले. पहिल्या पाळीला एखाद्या मोठ्या कारखान्याच्या गेटवर उभे राहिले तर आत जाणाऱ्यांच्या गणवेशाचे रंग वेगवेगळे दिसतात. एक कंपनीचा कायम कामगार, दुसरा ठेकेदाराचा, तिसरा ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरचा, चौथा शिकाऊ. चौघेही त्याच यंत्रासमोर चेहरा धरतात, एकाच लाइनवर उभे राहतात, कधी एकच कास्टिंग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. महिनाअखेरीस मात्र चौघांची हजेरी चार वेगळ्या तक्त्यांत गेलेली असते. ही विभागणी एका दिवसात झालेली नाही. तिच्यामागे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईच्या गिरण्यांत मस्टरवरचे नाव पक्के नव्हते. भरती जॉबरच्या हातात असे. तो गावाकडची माणसे आणी, त्यांना कामावर लावी आणि काढूनही टाकी. कामाचे तास सूर्य ठरवी. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास नऊवर आणले. प्रौढ पुरुषांविषयी तो कायदा काही बोलत नव्हता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. म्हणजे या देशातील पहिला कारखाना कायदाही डोकी मोजूनच सुरू झाला.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. त्या सभांतून कारखाना आयोगाकडे गेलेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय. पुढचे कायदे या यादीशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमात पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. तो अर्धा तास लोखंड्यांचाच. १९३६ च्या वेतन अधिनियमाने पगाराची तारीख त्यांच्या मागणीच्याही अलीकडे आणली: हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, एरवी दहा. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला ना सभासदांची नोंदवही होती, ना वर्गणी, ना घटना. पुढे या गोष्टीवरून त्या संस्थेला संघटना म्हणावे की नाही असा वाद इतिहासकारांनी घातला. तो काहीसा कोरडा वाद आहे. हजारो माणसे काम बुडवून मैदानावर येतात तेव्हा त्यांची नावे वहीत आहेत की नाहीत याने त्यांच्या मागणीचे वजन कमी होत नाही. पण वहीचा प्रश्न निराळ्या वाटेने परत येणार होता. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी १९२० मध्ये बी. पी. वाडिया आणि त्यांच्या मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर दावा लावला. कामगारांना कामाचा करार मोडायला लावून मालकाचे नुकसान केले, हा आरोप. उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. संघटना काढणे हाच कट ठरू शकतो, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. अमेरिकेतील कामगार याच दरवाज्यावर शंभर वर्षे आधी अडले होते. १८०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या चांभारांना मजुरी वाढवण्यासाठी एकत्र आल्याबद्दल कटाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने बूट करणाऱ्यांच्या खटल्यात संघटना आपोआप बेकायदा ठरत नाही असे म्हटले, तरी मालकांच्या हातात मनाई हुकुमाचे हत्यार राहिलेच. १८९४ च्या पुलमन संपात ते रेल्वे कामगारांवर चालले आणि पुढारी युजीन डेब्ज तुरुंगात गेला. १९३२ च्या कायद्याने ते हत्यार बरेच बोथट केले.

हिंदुस्थानात हा पल्ला तुलनेने लवकर गाठला गेला, आणि त्यात रायगडातल्या गोरेगावच्या नारायण मल्हार जोशी यांचा वाटा मोठा. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग चालवणारे आणि १९२० मध्ये मुंबईत भरलेल्या ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या (आयटक) पहिल्या अधिवेशनाच्या उभारणीत असलेले जोशी पुढच्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळात संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव घेऊन उभे राहिले. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन्स अ‍ॅक्ट आला. सात जणांनी सह्या केल्या की संघटना नोंदता येऊ लागली. नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना कटाच्या आरोपापासून आणि करार मोडायला लावल्याच्या दाव्यापासून संरक्षण मिळाले. बदल्यात सभासदांची नोंदवही, हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र आले. एक गोष्ट मात्र कायद्याने सोडून दिली. नोंदलेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे त्यात कुठेही नव्हते.

या उणिवेची किंमत लगेच दिसली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. संपातच जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्ष संपता संपता पन्नास हजारांवर गेले आणि श्रीपाद अमृत डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर ही नावे घरोघर पोहोचली. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात पुढारी पकडले गेले. त्याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनपुढे जो प्रश्न ठेवला तो थेट मस्टरचा होता. कापड खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य कामगारांना घेतच नसत. तुटलेला धागा तोंडाने ओला करून लावावा लागतो, हे त्याचे दिलेले कारण. सर्व कामगारांच्या नावाने भांडणाऱ्या संघटनेने ही बंदी उठवण्याची मागणी आपल्या यादीत घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. ती घेतली गेली, पण फार उत्साहाने नाही.

आंबेडकरांचे नाव कागलशी फार जवळचे आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला जी परिषद भरली ते गाव तेव्हा कागल जहागिरीत होते, आणि आजच्या पंचतारांकित वसाहतीच्या पंचक्रोशीतच आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी त्या परिषदेत अस्पृश्यांना त्यांचा पुढारी लाभला असे जाहीर केले. शाहूंनी आपल्या संस्थानात महार वतने खालसा केली आणि वेठ बंद करण्याचे हुकूम काढले. वेठ म्हणजे मजुरी नसलेले, आणि म्हणून कुठल्याच मस्टरवर न येणारे काम. ती बंद करणे हाही एका अर्थी कामगार कायदाच होता. त्यांनी १९०६ मध्ये सुरू केलेली कोल्हापूरची शाहू मिल हा संस्थानातील पहिला मोठा कारखाना. मुंबई इलाख्याचे कामगार कायदे मात्र संस्थानाच्या हद्दीबाहेर थांबत. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते इथे आले.

माणगावला पुढारी म्हणून पुकारले गेलेले आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात रुजली. कारखान्यातील आठवड्याचे तास १९४६ च्या दुरुस्तीने ५४ वरून ४८ वर आले. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेले एक विधेयक मात्र कमी लोकांच्या लक्षात आहे. प्रातिनिधिक संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, अशी १९२६ च्या कायद्यातील उणीव भरून काढणारी ती दुरुस्ती होती. तिचे सुधारित रूप १९४७ मध्ये मंजूर झाले आणि कधीच अमलात आणले गेले नाही. आपल्या कामगार कायद्यातील सर्वांत मोठी पोकळी ही, असे म्हणायला जागा आहे. पुढच्या पन्नास वर्षांतले कितीतरी संप या पोकळीत पडले.

अमेरिकेने ती पोकळी १९३५ च्या वॅग्नर कायद्याने भरली होती. तिथे कामगार गुप्त मतदान करतात. ज्या संघटनेला बहुमत मिळेल तीच सर्वांच्या वतीने बोलते आणि मालकाला तिच्याशी बोलणे भाग पडते. मतदान घेण्यासाठी वेगळे मंडळ नेमलेले आहे. उलट कामाची शाश्वती तिथला कायदा जवळजवळ देत नाही. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर मालक कामगाराला कारण न सांगता काढू शकतो. म्हणजे अमेरिकेचा कायदा मते मोजतो आणि बाकीचे करारावर सोडतो. आपला कायदा दिवस मोजतो, डोकी मोजतो, कॅन्टीन किती कामगारांना आणि पाळणाघर किती स्त्रियांना हेही सांगतो. पण कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, एवढेच सांगायला तो २०२५ पर्यंत कचरत आला. अमेरिकन पद्धतीनेही फार काळ साथ दिली नाही. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने संघटनांच्या हालचाली आवळल्या, आणि १९५० च्या दशकात दर तीन कामगारांमागे एक सभासद होता तिथे आज दहांत एक उरला आहे.

मुंबई राज्याने मान्यतेचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबरला एकत्र संप केला. तरी कायदा झालाच आणि १९४६ मध्ये त्याच्या जागी मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘बीआयआर’, आला. त्यात एका उद्योगातील एका विभागासाठी एकच प्रातिनिधिक संघटना. ती ठरायची मतदानाने नव्हे, तर सभासदांच्या नोंदवहीवरून. एकदा तिला तो दर्जा मिळाला की मालकाने फक्त तिच्याशी बोलायचे. दुसऱ्या कोणी पुकारलेला संप बेकायदा. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांचे कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या घाटकोपरच्या कार्यालयात गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढीइतक्याच ठळक दोन मागण्या होत्या: बदली कामगारांना कायम करा आणि बीआयआर रद्द करा. बदली कामगार म्हणजे रोज गिरणीच्या दारात येऊन कोणाचा खाडा पडला आहे का याची वाट पाहणारा माणूस. त्याच्याकडे बदली कार्ड असे, काहींचे त्यावर पंधरा-वीस वर्षे गेली. संपाची मुळे इथे होती. पण कायद्याच्या नजरेत हे अडीच लाख लोक बोलतच नव्हते. बोलण्याचा हक्क ज्या संघटनेला होता ती संपात नव्हती. सरकारने बीआयआरला हात लावला नाही, मालकांना गिरण्या बंद ठेवण्यातच फायदा दिसू लागला होता. काही महिनेच आधी, ऑगस्ट १९८१ मध्ये, अमेरिकेत रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढले होते. दोन्हीकडची परिस्थिती निराळी होती, तरी संप मोडून निघतो ही गोष्ट मालकवर्गाने त्याच काळात शिकून घेतली.

गिरणी संपाचा शेवट कोणी जाहीर केला नाही. त्याच्या झळा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पोहोचल्या. आजरा, चंदगड, भुदरगडकडची माणसे गावकीच्या खोल्यांत राहून गिरणीत होती. संपात ती गावी परतली, भात लावणीला हातभार लागला, आणि त्यांतली बरीच परत गेलीच नाहीत. पुढच्या पिढीने काम शोधले ते मुंबईत नव्हे, तर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या वसाहतींतले ओतकाम आणि इंजिनिअरिंगचे कारखाने बीआयआरखाली नव्हते. त्यांच्यासाठी १९७१ चा निराळा राज्य कायदा आहे. त्याचे लांबलचक नाव कोणी घेत नाही, ‘एमआरटीयू-पल्प’ म्हणतात. १९७५ पासून तो अमलात आला. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, सहा महिने सलग तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू शकते. यातही मोजणी सभासदांची, मते नाहीत. कायद्याचा दुसरा अर्धा भाग अधिक कामाचा ठरला: मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आणि त्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय. ‘यूएलपी टाकली’, म्हणजे अशी तक्रार केली, हा शब्दप्रयोग कोल्हापूरच्या कामगारांत इतका रुळला आहे की ती तीन इंग्रजी अक्षरे आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी १९६० च्या दशकापासून कोल्हापुरात कामगारांची वकिली केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

अनुचित प्रथांच्या यादीत एक कलम असे: कामगारांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा. त्याला जोड राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांची. मागील बारा महिन्यांत २४० दिवसांची सलग सेवा झालेल्या तात्पुरत्या किंवा बदली कामगाराला कायम केले पाहिजे, असे ते म्हणतात. या २४० आकड्याने एमआयडीसीच्या आयुष्याला एक चाल दिली. १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सलग सेवा मोजताना साप्ताहिक सुट्ट्या आणि भरपगारी सणही धरले. मग २४० दिवस म्हणजे साधारण आठ महिने. तेव्हा सात महिने झाले की ‘ब्रेक’. नवा मुलगा कामाला लागतो, मोल्डिंग किंवा फेटलिंग हाती घेतो, हात बसतो, आणि सातव्या महिन्याच्या शेवटी त्याला घरी बसायला सांगतात. महिन्याभराने तोच मुलगा परत, कधी त्याच शेडमध्ये, कधी शेजारच्या गेटमधून दुसऱ्या नावाच्या कंपनीत. कायद्याने माणसाला कायम करायची जी रेघ मारली, तिच्या अलीकडे उभे राहायचे शास्त्र कारखान्यांनी तयार केले.

डोक्यांच्या आकड्याचेही तसेच. छाटणी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यायची अट १९७६ मध्ये तीनशे कामगारांपासून लागू झाली, १९८० च्या दशकात शंभरपासून. ओतकामाचा धंदा मुळात लहान शेडचा, कोल्हापूर परिसरात फौंड्रीच तीनशेच्या आसपास. त्यामुळे आकड्याच्या अलीकडे राहायला फार खटपट लागत नाही. एकाच आवारात घरातल्या तीन नावांनी तीन युनिटे हे दृश्य अशा पट्ट्यांत नवीन नाही. लहान मालकाची बाजूही खरी आहे: मोठ्या वाहन कंपनीने कास्टिंगचा दर कमी केला की त्याच्याकडे कापायला मजुरीच तेवढी उरते. कायदा त्या वरच्या कंपनीला मोजत नाही.

कंत्राटी पद्धतीसाठी १९७० चा केंद्रीय कायदा होता. त्याच्या नियमांत एक तपशील फार बोलका आहे. ठेकेदार पगार वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर हवा आणि त्याने वेतनपुस्तकाखाली लिहून द्यायचे की ही रक्कम माझ्यासमक्ष दिली. म्हणजे कामगार दुसऱ्याच्या वहीत, पण त्या वहीखाली सही याची. ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारीही मूळ मालकावर. पगार बँकेत जायला लागल्यावर ती सही कागदावर राहिली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. कंत्राट दिखाऊ होते हे आधी सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी सिप्लाच्या खटल्यात एमआरटीयू-पल्पखालची तक्रारही अडली: आपण कोणाचे कामगार, हाच वाद असेल तर तो आधी दुसऱ्या कायद्याखाली, दुसऱ्या वाटेने सोडवून या. मग पुरावा काय? रजा कोण मंजूर करतो, काम कोण सांगतो, हजेरी कोण मांडतो. पुन्हा मस्टर.

वसाहतीच्या कुंपणाबाहेर मस्टरच नसलेले काम सुरू होते. कागल-हातकणंगले पट्ट्यात साखर कारखाने आहेत. कारखान्याच्या आतील कामगारांचे पगार राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय करारांनी ठरत आले. त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारा मजूर मात्र मुकादमाकडून उचल घेऊन येतो, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजले जातात, आणि गळीत हंगाम संपला की उचल फिटली की नाही एवढाच हिशेब उरतो. वॅग्नर कायद्यानेही शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांना सीझर चावेझच्या द्राक्षसंपानंतर दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, राज्यापुरता कायदा मिळाला.

कागलपासून जवळच, कर्नाटकाच्या हद्दीत, निपाणी आहे. तिथल्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी १९८० च्या आसपास संघटना बांधली. बंगळुरूच्या युगांतर या स्त्रीवादी चित्रपट गटाने १९८२ मध्ये त्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना १९६६ च्या कायद्याने कामगार मानले, नोंदवहीचा हक्क दिला. त्या मस्टरवर चढल्या त्या घराच्या उंबऱ्यात बसूनच. आज निपाणीकडून बरीच मुले दुचाकीने ‘फाइव्ह स्टार’ला येतात. राहतात कर्नाटकात, कायदा मात्र महाराष्ट्राचा, कारण कायदा कारखान्याच्या जागेवरून ठरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार केंद्रीय कामगार संहिता अमलात आल्या आणि १९२६ पासूनचे बहुतेक जुने केंद्रीय कायदे त्यांत विरघळले. छाटणीच्या परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली. स्थायी आदेशांचीही मर्यादा तीनशे; जुन्या केंद्रीय कायद्यात ती शंभर होती. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सर्वांना आली, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संपच. कंत्राटी कायदा पन्नासपासून, जुन्या केंद्रीय कायद्यात वीस. मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते आणि लगेच अपवाद सांगते. मुदतीच्या नेमणुकीला रीतसर जागा मिळाली, वर्षभर काम झाले की ग्रॅच्युइटीही. त्यामुळे ‘ब्रेक’ची चलाखी कदाचित मागे पडेल, पण कायमपणाची वाटही त्याबरोबर अरुंद होईल.

१९४३ पासून अडलेला मान्यतेचा प्रश्न औद्योगिक संबंध संहितेच्या चौदाव्या कलमाने अखेर घेतला आहे. ज्या संघटनेला आस्थापनेच्या मस्टर रोलवरील ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असेल ती एकमेव वाटाघाटी करणारी संघटना. तसे कोणी नसेल तर प्रत्येक वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी मंडळ. कलमात शब्द मस्टर रोल असाच आहे. ज्या लाइनवर कायम कामगारांहून ठेकेदाराची माणसे जास्त आहेत, तिथे त्या माणसांचा पाठिंबा या मोजणीत धरला जात नाही, कारण ती दुसऱ्याच्या मस्टरवर आहेत. अमेरिकेत संघटनांचे मतदान घेणाऱ्या मंडळाने २०१५ मध्ये ब्राउनिंग-फेरिस प्रकरणात मूळ कंपनी आणि मजूर पुरवणारी कंपनी दोघांनाही संयुक्त मालक धरता येते असा निर्णय दिला आणि पुढे सरकार बदलेल तसा तो नियमही फिरत राहिला. आपल्या संहितेत तशी सोय नाही. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मात्र आता बंधनकारक आहे. ठेकेदाराकडच्या मुलालाही ते मिळेल, आणि त्या पत्राच्या माथ्यावर मालक म्हणून नाव ठेकेदाराचे असेल.